घराची किंमत आठपट झाली म्हणजे नेमके काय झाले?

२५ वर्षांपूर्वी २० लाखांना घेतलेले घर आज १ कोटी ६० लाखांना विकले गेले, म्हणजे आठपट झाले. असे काही कानावर आले की ज्याचे स्वतःचे घर आहे तो मनातल्या मनात आपल्या घरालाही आठने गुणतो, आणि ज्याचे नाही त्याच्या पोटात गोळा येतो. दोघेही अशा आकड्यांच्या भरवशावर फार मोठे निर्णय घेतात. कोणी वीस वर्षांचे कर्ज डोक्यावर घेतो, कोणी निवृत्तीची सगळी पुंजी दुसऱ्या घरात घालतो. म्हणूनच घरांच्या किमती किती वाढल्या हे मोजतात कसे, हे प्रत्येकाला माहीत असायला हवे असे मला वाटते. त्यासाठी शाळेतल्या गणितापेक्षा फारसे जास्त काही लागत नाही.

सुरुवात या आठपटीपासूनच करू. आठपट म्हणजे ७०० टक्के वाढ; ८०० नव्हे, कारण मूळची एक पट आधीपासून होतीच. आता ७०० ला २५ ने भागून ‘वर्षाला २८ टक्के’ असे सांगणारे बरेच भेटतात. हा हिशेब चुकीचा आहे. किंमत दरवर्षी आदल्या वर्षीच्या वाढलेल्या किमतीवर वाढते, म्हणजे हे चक्रवाढीचे गणित आहे. वर्षाला साधारण ८.७ टक्के वाढ झाली की २५ वर्षांत रक्कम आठपट होते. कॅल्क्युलेटर हाताशी नसेल तर ७२ ला वाढीच्या दराने भागावे; रक्कम किती वर्षांत दुप्पट होईल ते अंदाजे कळते. ८.७ टक्क्यांना सव्वाआठ वर्षे लागतात. २५ वर्षांत अशा तीन दुपटी बसतात, आणि तीनदा दुप्पट म्हणजे आठपट. २८ टक्के आणि ८.७ टक्के यांतले अंतर पाहिले की ‘किती पट’ हा आकडा वर्षांच्या संख्येशिवाय सांगणे किती धोक्याचे आहे ते लक्षात येते.

दुसरी पायरी महागाईची. त्या २५ वर्षांत बाकीच्या वस्तू आणि सेवाही महागल्या. समजा सर्वसाधारण किमती चौपट झाल्या. मग तेव्हाचे २० लाख म्हणजे आजच्या पैशात ८० लाख. ८० लाखांचे १ कोटी ६० लाख झाले, म्हणजे घर खऱ्या अर्थाने दुप्पट महाग झाले. वर्षाला २.८ टक्के. अर्थशास्त्रात पहिल्या वाढीला नाममात्र आणि दुसरीला वास्तव वाढ म्हणतात. वास्तव वाढ काढताना आठाला चाराने भागायचे असते. किमती २५ वर्षांत चौपट म्हणजे वर्षाला ५.७ टक्के महागाई; ढोबळ हिशेबाला ८.७ मधून हे ५.७ वजा केले तरी चालते, पण महागाई जास्त असेल तर ही वजाबाकी बरीच फसवते.

अजून एक गोष्ट या आकड्यात दिसत नाही. २५ वर्षांत छप्पर गळले असेल, नळ-वायरिंग बदलले असेल, एखादी खोलीही वाढवली असेल. नुसत्या देखभालीवर दरवर्षी घराच्या किमतीच्या एक टक्का खर्च धरला, तरी त्या २.८ टक्क्यांतला तिसरा हिस्सा त्यातच जातो. उलट बाजूने, मालक त्या घरात भाडे न देता राहिला किंवा त्याने ते भाड्याने दिले, तो फायदाही या किमतीत कुठेच नाही. किमतीतली वाढ म्हणजे घरावरचा परतावा नव्हे. या दोन गोष्टी एक समजल्यामुळे जेवढे वाद होतात, तेवढे क्वचितच दुसऱ्या कशामुळे होत असतील.

इथवर गोष्ट एका घराची होती. ‘शहरातली घरे किती महागली?’ हा प्रश्न याहून खूप अवघड आहे.

सरासरी कुठे फसते

शेअर बाजारात एका कंपनीचा एक शेअर दुसऱ्यासारखाच असतो आणि त्याचे व्यवहार दिवसभर चालू असतात. घरांचे तसे नाही. कोणतीही दोन घरे तंतोतंत सारखी नसतात. एकाच इमारतीतही मजला वेगळा, उजेड वेगळा, खिडकीतून दिसणारे वेगळे. शिवाय एक घर दहा-पंधरा वर्षांतून एखाद्या वेळी विकले जाते. म्हणजे दरवर्षी बाजारात आलेल्या थोड्या घरांवरून न विकल्या गेलेल्या असंख्य घरांबद्दल बोलायचे असते, आणि यंदा विकली गेलेली घरे गेल्या वर्षी विकल्या गेलेल्या घरांपेक्षा वेगळी असतात.

यामुळे साध्या सरासरीची काय अवस्था होते ते पाहा. समजा एका गावात दोनच प्रकारची घरे आहेत: लहान घर ३० लाखांचे, मोठे ८० लाखांचे. गेल्या वर्षी सहा लहान आणि चार मोठी विकली गेली. सरासरी ५० लाख. यंदा एकाही घराची किंमत बदलली नाही, पण लहान तीनच विकली गेली आणि मोठी सात. सरासरी ६५ लाख. ‘घरे ३० टक्क्यांनी महागली’ अशी बातमी होईल, आणि महागलेले घर गावात एकही नसेल.

आता उलटे धरू. यंदा प्रत्येक घर ५ टक्क्यांनी महागले, म्हणजे लहान साडेएकतीस लाखांचे आणि मोठे ८४ लाखांचे झाले. पण कर्ज मिळेना म्हणून मोठी घरे घेणारे थांबले. आठ लहान आणि दोनच मोठी विकली गेली. सरासरी ४२ लाख. प्रत्येक घर महागले आणि सरासरी मात्र १६ टक्क्यांनी घसरली!

यावर ‘मग मध्यक घ्या’ असा सल्ला दिला जातो. मध्यक म्हणजे सगळ्या किमती चढत्या क्रमाने लावल्यावर बरोबर मधोमध येणारी किंमत. एखाद्या अतिमहागड्या बंगल्यामुळे तो हलत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण विकल्या जाणाऱ्या घरांचे मिश्रणच बदलले तर त्याचाही इलाज चालत नाही. वरच्या पहिल्या उदाहरणात मध्यक ३० लाखांवरून थेट ८० लाखांवर उडी घेतो, म्हणजे सरासरीपेक्षाही जास्त फसवतो.

दीर्घ काळात यात आणखी एक भर पडते: घरे स्वतःच बदलतात. अमेरिकेत १९७३ साली नव्याने बांधलेल्या स्वतंत्र घराचे मध्यक क्षेत्रफळ सुमारे १,५०० चौरस फूट होते. २०१५ पर्यंत ते २,४०० च्या पुढे गेले. म्हणजे तिथल्या नव्या घरांच्या दोन काळांतल्या किमती शेजारी ठेवल्या, तर त्या फरकातला काही भाग जास्त मोठे घर घेतल्याचा असतो, भाव वाढल्याचा नव्हे. क्षेत्रफळाने भागून दर चौरस फुटाचा भाव काढला तर थोडी सुधारणा होते. पण लहान घरांचा दर चौरस फुटाचा भाव बहुधा जास्त असतो, त्यामुळे मिश्रणाचा प्रश्न तिथेही पाठ सोडत नाही.

तेच घर, दोन वेळा

यातून निघालेली वाट मला या विषयातली सगळ्यात सुंदर कल्पना वाटते. वेगवेगळ्या घरांची तुलना करायचीच नाही. एकाच घराची दोनदा विक्री झाली असेल तर त्या दोन किमतींची तुलना करायची. १९६३ साली मार्टिन बेली, रिचर्ड मूथ आणि ह्यू नोर्स या तिघांनी ही पुनर्विक्री पद्धत गणिती रूपात मांडली. १९८० च्या दशकात कार्ल केस आणि रॉबर्ट शिलर या अर्थशास्त्रज्ञांनी ती सुधारून घेतली. अमेरिकेतला प्रसिद्ध केस-शिलर निर्देशांक त्यातूनच उभा राहिला. शिलर यांना पुढे २०१३ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

पण प्रत्येक घर वेगवेगळ्या वर्षी विकले जाते, मग सगळ्यांचा मेळ कसा घालायचा? तीन घरांत समजते. पहिले घर २०१० मध्ये ४० लाखांना गेले आणि २०१६ मध्ये ६० लाखांना, म्हणजे सहा वर्षांत दीडपट. दुसरे २०१३ मध्ये ५० लाखांना आणि २०१६ मध्ये ६० लाखांना, म्हणजे तीन वर्षांत १.२ पट. आता २०१० ते २०१३ या काळात काय झाले? या दोनपैकी एकही घर त्या दोन्ही वर्षी विकले गेलेले नाही, तरी उत्तर मिळते. पूर्ण प्रवास दीडपट, त्यातला नंतरचा टप्पा १.२ पट, म्हणून आधीचा टप्पा १.२५ पट. २०१० ला १०० मानले तर २०१३ ला १२५ आणि २०१६ ला १५०. हाच निर्देशांक.

आता तिसरे घर येते. ते २०१० मध्ये ३० लाखांना आणि २०१३ मध्ये ३९ लाखांना विकले गेले. त्याच्या म्हणण्यानुसार त्या टप्प्यात वाढ १.३ पट होती. पहिल्या दोघांच्या साक्षीतून १.२५ निघाले होते. अशा हजारो साक्षी एकत्र केल्या की त्या एकमेकींशी थोड्या थोड्या भांडतातच. समाश्रयण नावाचे सांख्यिकी तंत्र या सगळ्यांमधून अशी एक रेषा काढते की सगळ्यांचे मिळून मतभेद कमीत कमी राहावेत. आत एवढेच चालते. बाकी सगळा तपशील.

पद्धत सुंदर आहे, म्हणून निर्दोष नाही. फक्त एकदाच विकलेली घरे यात वाया जातात, आणि नवी घरे तर येऊच शकत नाहीत. वारंवार हात बदलणारी घरे त्या शहराची प्रतिनिधी असतीलच असेही नाही. दोन विक्रींमध्ये कोणी घराचे पूर्ण नूतनीकरण केले, तर ती बाजाराची वाढ म्हणून मोजली जाण्याचा धोका असतो. म्हणून अगदी कमी दिवसांत पुन्हा विकलेली आणि संशयास्पद उडी मारलेली घरे बाजूला काढतात किंवा त्यांना कमी वजन देतात. इमारत जुनी होत जाते, तिचा घसारा मात्र सहसा वेगळा काढला जात नाही. आणि एक गमतीदार परिणाम असा की भूतकाळही बदलत राहतो. आज एखादे घर दुसऱ्यांदा विकले गेले की त्याच्या आधीच्या विक्रीच्या वर्षाबद्दल नवी साक्ष मिळते, आणि मागचे आकडे किंचित सरकतात.

दुसरी मोठी वाट आहे हेडोनिक पद्धत. इथे घराला एक वस्तू न मानता गुणांची मोळी मानतात: इतके क्षेत्रफळ, इतक्या खोल्या, इतके वय, ही वस्ती, स्थानकापासून इतके अंतर. हजारो व्यवहारांवरून प्रत्येक गुणाचा त्या वर्षीचा भाव काढायचा, आणि मग एका ठरावीक घराची किंमत दरवर्षीच्या भावाने लावत जायची. १९३९ मध्ये अँड्र्यू कोर्ट यांनी हे तंत्र मोटारगाड्यांच्या किमतींसाठी मांडले होते, कारण दरवर्षी गाडीही बदलत होती. ब्रिटनचा अधिकृत घरभाव निर्देशांक २०१६ पासून याच पद्धतीने काढतात. यात प्रत्येक व्यवहार कामी येतो आणि नवी घरेही बसतात. अडचण माहितीची. जे नोंदवलेलेच नाही, म्हणजे घरात येणारा उजेड, रस्त्याचा गोंगाट, बांधकामाचा दर्जा, ते गणितात येत नाही.

नेदरलँड्स आणि न्यूझीलंडमध्ये तिसरा मार्ग रुळला. तिथे करासाठी जवळजवळ प्रत्येक घराचे सरकारी मूल्यांकन झालेले असते. विक्रीची किंमत त्या मूल्यांकनाच्या किती पट आली, या गुणोत्तराचा काळानुसार माग ठेवतात. मूल्यांकन प्रामाणिक असेल तिथेच हे जमते.

कोणतीही पद्धत घ्या, तिच्यात ओतलेला आकडा खरा असावा लागतो. विक्रेत्याने जाहिरातीत मागितलेला भाव, सौदा ठरला तो भाव आणि दस्तात नोंदवलेला भाव हे तीन वेगळे आकडे आहेत. बाजार पडताना मागितलेले भाव बराच काळ अडून बसतात. नोंदणीचे आकडे सौद्यानंतर उशिरा हाती येतात. जिथे नोंदणीवर मोठा कर असतो तिथे किंमत कमी दाखवण्याचा मोह असतो. शिवाय केस-शिलर निर्देशांक तीन महिन्यांची चल सरासरी, म्हणजे दर महिन्याला पुढे सरकणारी शेवटच्या तीन महिन्यांची सरासरी, घेतो, त्यामुळे त्यात दिसणारे वळण प्रत्यक्ष वळणाच्या मागून येते.

साडेतीन शतकांचा एक कालवा

इतके मागे जाऊन मोजता येते का? ॲम्स्टरडॅममध्ये हेरेनग्राख्त नावाचा कालवा आहे. सतराव्या शतकात तो खोदला गेला तेव्हापासून त्याच्या काठावर श्रीमंतांची घरे उभी आहेत, त्यातली बरीच अजून आहेत, आणि त्यांच्या विक्रीच्या नोंदी जपलेल्या आहेत. डच अर्थशास्त्रज्ञ पीट आयखहोल्ट्झ यांनी पुनर्विक्री पद्धत वापरून १६२८ ते १९७३ असा निर्देशांक तयार केला आणि १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. एवढ्या काळात महागाई वजा जाता किमती जेमतेम दुप्पट झाल्या होत्या. वर्षाला सुमारे ०.२ टक्के. अधूनमधून किमती निम्म्याने कोसळल्या, दुपटीने चढल्या, पिढ्यांचे नशीब घडले-बिघडले. पण साडेतीन शतकांच्या दोन टोकांमध्ये फरक एवढाच.

एका कालव्यावरून जगाबद्दल बोलू नये, हा आक्षेप रास्त आहे. कॅथरीना क्नॉल, मोरिट्झ शुलारिक आणि थॉमस स्टेगर यांनी १४ प्रगत देशांचे १८७० पासूनचे आकडे गोळा केले आणि २०१७ मध्ये मांडले. त्यांचे चित्र दोन भागांचे आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत घरांच्या वास्तव किमती जवळपास आडव्या राहिल्या. त्यानंतर त्या जोरात चढल्या. चढण्याचे कारण विटा-सिमेंट नव्हते. या वाढीचा सुमारे ८० टक्के भाग जमिनीच्या किमतीतून आला. रेल्वे आणि मोटारींमुळे आधी दूरची जमीन शहराच्या आवाक्यात येत राहिली आणि भाव दबले. ती सोय हळूहळू संपत गेली, बांधकामावरचे निर्बंध वाढले, आणि जागा दुर्मीळ झाली. म्हणून ‘घराची किंमत वाढते’ असे आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा इमारत झिजत असते आणि तिच्याखालची जमीन वाढत असते.

कोणता काळ निवडला यावर उत्तर किती फिरते, याचे ताजे उदाहरण अमेरिकेचे. केस-शिलरचा २० शहरांचा निर्देशांक जानेवारी २००० ला १०० धरतो. २००६ मध्ये तो २०० च्या पुढे गेला, आणि २०१२ च्या सुरुवातीपर्यंत त्याने जवळजवळ एक तृतीयांश गमावले. २००० पासून मोजणाऱ्याला २०१२ मध्येही वाढ दिसते, २००६ पासून मोजणाऱ्याला आपत्ती. आणि एक तृतीयांश पडलेली किंमत पूर्वपदावर यायला एक तृतीयांश वाढ पुरत नाही, ५० टक्के लागते. निर्देशांकाचे बिंदू आणि टक्के यांतही गल्लत होते: २०० वरून २१० म्हणजे १० बिंदू, पण वाढ ५ टक्के. लांब काळाचा आलेख पाहताना उभ्या अक्षावर समान अंतराला समान पट आहे का, तेही बघावे. साध्या आलेखात जुनी वर्षे सपाट दिसतात आणि कालची वाढ कड्यासारखी, मग दोन्ही काळांतला टक्केवारीचा वेग एकच का असेना.

किंमत वाढली, पण परवडते का?

ज्याला घर घ्यायचे आहे त्याला निर्देशांकापेक्षा हा प्रश्न जास्त जवळचा, आणि तो जास्त महत्त्वाचा आहे असे माझे ठाम मत आहे. यासाठी किंमत कशाशी तरी ताडून पाहावी लागते. घराची किंमत म्हणजे किती वर्षांचे उत्पन्न, हे एक माप. तेच घर भाड्याने घेतले तर किती वर्षांच्या भाड्याएवढी किंमत होते, हे दुसरे. किमती भाड्यापेक्षा खूप वेगाने पळत असतील, तर लोक राहण्यासाठी नव्हे तर पुढच्या वाढीच्या आशेने पैसे मोजत असल्याची शक्यता असते. भाडे हलकेही मानू नये. १६ देशांच्या १८७० ते २०१५ या काळाचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात घरांवरचा वास्तव परतावा वर्षाला सुमारे ७ टक्के निघाला, आणि त्यातला निम्म्याहून अधिक हिस्सा भाड्याचा होता.

तिसरे माप हप्त्याचे. वीस वर्षांच्या कर्जावर व्याज १० टक्के असेल, तर प्रत्येक लाखाला महिना सुमारे ९६५ हप्ता पडतो. व्याज ६ टक्क्यांवर आले की तोच हप्ता सुमारे ७१६ होतो. म्हणजे महिन्याचा भार तेवढाच ठेवून ३५ टक्के जास्त कर्ज काढता येते. व्याजदर उतरतात तेव्हा किमती वर जाण्यामागे हे एक मोठे कारण असते, आणि निर्देशांक ३५ टक्क्यांनी चढला तरी घेणाऱ्याचा मासिक हप्ता जागेवरच राहू शकतो. सुरुवातीला हातातून द्यायची रक्कम मात्र किमतीबरोबर वाढते. आईवडिलांची पुंजी पाठीशी नसलेली तरुण मंडळी नेमकी तिथेच अडतात, आणि किमतीच्या कोणत्याही निर्देशांकात ती अडवणूक नोंदली जात नाही.